वत्सगुल्माच्या राज्यातील समुद्र

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्या, पावसाळ्यात भरणारे तलाव आणि शहरातील पद्मतीर्थ एवढेच या भागाचे पाणी. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची ओळख आजही कोरडवाहू शेती, कारंजा, पोहरादेवी, शिरपूर जैन आणि बालाजी मंदिर यांच्याभोवती फिरते. तरीही भारतीय चित्रकलेतील समुद्राची सर्वांत प्रसिद्ध प्राचीन चित्रे ज्या राजाच्या काळात रंगविली गेली, त्याचे घराणे आजच्या वाशीममधून राज्य करीत होते. ती चित्रे अजिंठ्याच्या लेण्यांत आहेत. या चित्रांतील एका जहाजाच्या आधारे बांधलेली नौका डिसेंबर २०२५ मध्ये अरबी समुद्राच्या लाटांवर स्वार होऊन ओमानकडे निघाली आणि पुढच्याच महिन्यात मस्कतला पोहोचली.

दीड हजार वर्षांच्या या प्रवासात तीन प्रकारची माणसे दिसतात. भिंतीवर लाटा रंगविणारे निनावी चित्रकार, त्या भिंतींची नक्कल करण्यात आणि छायाचित्रे टिपण्यात आयुष्य घालविणारे कलावंत, आणि रंगातील जहाज पुन्हा लाकडात उतरविणारे कारागीर. या तिघांची ही माहिती.

राजधानी वत्सगुल्म

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपोभूमीची कथा स्थानिक माहात्म्यात सांगितली जाते. वात्स्यायनाच्या कामसूत्रातही वत्सगुल्माचा उल्लेख आहे. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त विदर्भातील या नगराचा गौरव केला. तथापि या नगराचे राजकीय महत्त्व इतिहासकारांना बऱ्याच उशिरा उमगले. १९३९ मध्ये वाशीम येथील ताम्रपट प्रकाशात आला. तो वत्सगुल्माहून दिलेला होता आणि त्यात वाकाटक राजा विंध्यशक्ती (दुसरा) याचे नाव होते. वाकाटकांची नंदिवर्धनची शाखा तोवर परिचित होती. वत्सगुल्म येथे त्यांची दुसरी स्वतंत्र शाखा नांदत होती, हे या ताम्रपटामुळे निश्चित झाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या पुराव्याच्या प्रकाशात अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला शिलालेख पुन्हा वाचला आणि त्यातील राजांची वंशावळ वत्सगुल्म शाखेची असल्याचे दाखवून दिले.

पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक. तो स्वतः कवी होता. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य त्याच्या नावावर आहे. या घराण्यातील देवसेन राजाच्या काळातील एक शिलालेख वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथे मिळाला. त्यावर शके ३८० हा काल आहे आणि 'सुदर्शन' नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे. राजधानीजवळ पाणी अडवून तलाव बांधणाऱ्या या देवसेनाचा मुलगा म्हणजे हरिषेण. अजिंठ्याच्या वैभवाचा काळ तो हाच.

हरिषेणाचा काळ मिराशींनी साधारणतः इ. स. ४७५ ते ५०० असा मानला. अजिंठ्याचा अर्धशतकाहून अधिक काळ अभ्यास करणारे अमेरिकी विद्वान वॉल्टर स्पिंक (१९२८-२०१९) यांनी तो मागे नेऊन इ. स. ४६० ते ४७७ च्या सुमारास ठेवला आणि महायान काळातील बहुतेक लेणी अवघ्या वीसेक वर्षांत खोदली व रंगविली गेली, असे मत मांडले. कालगणनेत मतभेद असले, तरी दोघांच्याही मते ही लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरतात.

सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दान दिले. सतरावे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिकाने करविले आणि त्याच्या शिलालेखातही हरिषेणाचे नाव आदराने घेतलेले आहे. सोळाव्या लेण्यातील लेखात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या देशांची नावे येतात. त्यांपैकी त्रिकूट म्हणजे उत्तर कोकण व नाशिककडचा भाग, लाट म्हणजे दक्षिण गुजरात आणि कलिंग म्हणजे पूर्व किनारा. 'लाट' या देशनामाचा पाण्याच्या लाटेशी भाषिक संबंध नाही; परंतु वत्सगुल्माच्या राजाची दृष्टी दोन्ही समुद्रांपर्यंत जात होती, हे या यादीवरून दिसते. बंदरांचा माल घाटमार्गे देशावर येत होता आणि त्याच वाटांवर अजिंठा होते. व्यापारी लेण्यांना दान देत, भिक्षू प्रवाशांना आश्रय देत. समुद्राच्या कथा डोंगरात येण्याचा मार्ग असा सरळ होता.

शूर्पारकाचे जहाज

अजिंठ्यातील सर्वांत प्रसिद्ध जहाज दुसऱ्या लेण्यात आहे. त्यामागील कथा 'दिव्यावदान' या बौद्ध कथासंग्रहातील पूर्णाची आहे आणि तिचे गाव महाराष्ट्रातलेच आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. तेथील एका धनिक व्यापाऱ्याला पत्नीपासून तीन आणि दासीपासून एक असे चार मुलगे होते. दासीपुत्र पूर्ण हा व्यापारात सर्वांत हुशार निघाला. सहा वेळा समुद्रपार जाऊन तो सुखरूप परतला. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचने म्हणत असताना ती त्याच्या कानी पडली आणि परतल्यावर त्याने प्रव्रज्या घेतली.

पुढे त्याचा थोरला भाऊ भविल गोशीर्ष चंदन आणण्यासाठी जहाज घेऊन निघाला. चंदनाचे वन एका यक्षाच्या ताब्यात होते. कुऱ्हाडी चालू लागताच यक्षाने भयंकर वादळ उठविले. जहाजावरचे लोक आपापल्या देवांचा धावा करू लागले. भविलाला मात्र, घरी असताना हिणविला गेलेला धाकटा भाऊ आठवला. पूर्ण आपल्या सिद्धीने तेथे प्रकट झाला आणि वादळ शमले. आणलेल्या चंदनातून शूर्पारकात प्रासाद उभारून तेथे बुद्धांना निमंत्रण देण्यात आले, अशी कथा आहे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला, तेव्हा या बंदराचे बौद्ध महत्त्व प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झाले.

भिंतीवर चित्रकाराने वादळाचा क्षण निवडला आहे. जहाजाची नाळ आणि पिछाडी दोन्ही उंच आहेत. तीन उभ्या डोलकाठ्यांवर लांबट शिडे ताणलेली आहेत. पुढच्या बाजूला वाऱ्याने फुगलेले आणखी एक शीड आहे. नाळेवर डोळा रंगविला आहे. वाट दिसावी म्हणून होडीला डोळे काढण्याची प्रथा अनेक सागरी समाजांत होती. पिछाडीकडे सुकाणूचे वल्हे आहे आणि छताखाली रांजण ओळीने मांडलेले आहेत. लांबच्या प्रवासात गोड्या पाण्याला केवढे मोल असते, हे या रांजणांकडे पाहिले की कळते. पाण्यात मासे आहेत, अर्धे मानवी देहाचे जलचर आहेत. हात जोडलेला भविल आणि आकाशमार्गाने येणारा पूर्ण एकाच चौकटीत आहेत.

राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये प्राचीन भारतीय नौकानयनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा अजिंठ्यातील या जहाजांना त्यांनी महत्त्वाचा पुरावा मानले. जर्मन विद्वान डीटर श्लिंगलॉफ यांनी पुढे अजिंठ्याच्या भिंतींवरील कथा साहित्याशी ताडून ओळखल्या आणि जहाजांच्या रचनेचाही अभ्यास केला. कारण साधे आहे. प्राचीन काळातील लाकडी जहाज कुजते, चित्रातले टिकते.

सिंहलाची स्वारी

सतराव्या लेण्यातील सिंहल अवदानाचे चित्र याहून कितीतरी मोठे आहे. सभामंडपाच्या उजव्या भिंतीचा मोठा भाग त्याने व्यापला आहे. पाचशे व्यापाऱ्यांना घेऊन निघालेल्या सिंहलाचे जहाज फुटते आणि सारे एका बेटावर लागतात. तेथील सुंदर स्त्रिया वास्तविक राक्षसिणी असतात. एक दिव्य पांढरा घोडा सिंहलाला पाठीवर घेऊन समुद्रावरून उडत परत आणतो. मागे वळून पाहणारे त्याचे सोबती मात्र प्राणास मुकतात. एक राक्षसीण त्याच्या मागोमाग येते, राजाला भुलविते आणि अखेर राजवाड्यातील लोकांना भक्ष्य करते. प्रजा सिंहलाला राजा करते आणि तो सैन्यासह बेटावर चालून जातो.

नौकांत उभे असलेले हत्ती, घोडे आणि भालाईत हा या चित्राचा सर्वांत गतिमान भाग. हत्ती पाण्यावरून नेण्याचे दृश्य डोंगरातील भिंतीवर इतक्या आत्मविश्वासाने काढलेले पाहिले की चित्रकारांच्या तालमीची कल्पना येते. त्यांची नावे भिंतीवर नाहीत. दान देणाऱ्यांची नावे शिलालेखांत कोरली गेली. ज्यांनी लाट काढली त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

लाट रंगविण्याची रीत

अजिंठ्याच्या चित्रांना आपण सवयीने 'फ्रेस्को' म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या ती ओल्या चुन्यावर केलेली भित्तिचित्रे नाहीत. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर माती, वनस्पतींचे तंतू, भाताचा कोंडा यांचा गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ थर बसवीत आणि तो वाळल्यावर चिकट माध्यमात कालविलेले रंग लावीत. पिवळी व तांबडी गेरूची माती, हिरवी माती, पांढरा चुना, काजळी हे बहुतेक रंग जवळपासचे. निळा मात्र दूरचा होता. तो राजावर्त, म्हणजे लाजवर्द या खड्यापासून होत असे आणि हा खडा अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई. वत्सगुल्माच्या राज्यातील चित्रकाराच्या हाती निळा रंग आला, तो व्यापाराच्या लांब वाटेने.

पाणी दाखविण्याची भारतीय परंपरेतील पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. युरोपीय समुद्रचित्रात क्षितिज असते. पाहणारा किनाऱ्यावर उभा असतो. अजिंठ्यात क्षितिजरेषा नाही. पाणी म्हणजे नागमोडी रेषांचा पट. त्यात मासे, शंख, मगरी दाखवून खोली सुचविली जाते. कथेतील वेगवेगळे क्षण एकाच भिंतीवर शेजारी नांदतात. फुटणारे जहाज, बेट, उडणारा घोडा आणि परतीची स्वारी यांच्यामध्ये चौकटी नाहीत. पाहणाऱ्याने दिव्याच्या उजेडात भिंतीजवळून चालत जावे आणि कथा वाचावी, अशी ही योजना आहे. लाट येथे देखावा म्हणून येत नाही, संकट म्हणून येते.

जगाच्या चित्रकलेत लाटेला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला. जपानच्या होकुसाईचे 'कानागावाची महालाट' हे ठसाचित्र १८३१ च्या सुमाराचे. त्यातील तीन होड्यांवर कोसळणारी लाट आज जगभर ओळखली जाते, आणि तिचा गडद निळा रंगही बाहेरून आलेला, युरोपात तयार झालेला प्रशियन निळा होता. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ मध्ये समुद्राची छायाचित्रे घेतली. त्या काळच्या काचपट्टीवर आकाश आणि पाणी एकाच वेळी नीट उमटत नसे, म्हणून काही चित्रांत त्याने ढगांची एक आणि लाटेची दुसरी अशा दोन काचा जोडून छाप काढली. पुढे छायाचित्रकार लाटेच्या आतच शिरला. अमेरिकेत टॉम ब्लेक याने १९३० च्या सुमारास कॅमेऱ्यासाठी जलरोधक पेटी तयार करून फळीवर स्वार होऊन लाटांची छायाचित्रे टिपली. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार असलेल्या जॉन सेव्हर्सन (१९३३-२०१७) याने १९६० मध्ये 'सर्फर' हे नियतकालिक सुरू करून सर्फिंगच्या कलेला स्वतःचे व्यासपीठ दिले. त्याने आयुष्यभर लाटा रंगविल्या आणि टिपल्या. ते नियतकालिक २०२० मध्ये बंद पडले. पण लाट आणि माणूस यांचे नाते हा चित्राचा विषय होऊ शकतो, ही जाणीव त्याने एका पिढीत रुजविली. ल ग्रे फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅमेरा लावून उभा होता, त्याच वर्षांत अजिंठ्याच्या अंधारात एक लष्करी अधिकारी प्रथम कुंचल्याने आणि मग कॅमेऱ्याने काम करीत होता.

मेजर गिलची पस्तीस वर्षे

अजिंठ्याची लेणी ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ याने एप्रिल १८१९ मध्ये पाहिली आणि ती युरोपीय जगाला ठाऊक झाली. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घेण्याचा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीने ते मान्य केले आणि १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट गिल (१८०४-१८७९) याची नेमणूक झाली.

अजिंठा गावातील बारादरीत गिलने मुक्काम ठोकला. तेथून लेणी काही कोसांवर होती आणि वाट जंगलाची होती. आत वटवाघळे, ओल आणि अंधार. बाहेर वाघांचा वावर. गिल पट्टीचा शिकारीही होता. मूळ चित्रांच्या आकाराचे मोठे कॅनव्हास, त्यावर तैलरंग, आणि उजेड मिळेल तेवढाच, अशा परिस्थितीत त्याने वर्षांमागून वर्षे काम केले. पुऱ्या झालेल्या नकला टप्प्याटप्प्याने लंडनला रवाना होत गेल्या. तेथे त्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित झाल्या. लंडनच्या रसिकांनी वत्सगुल्म काळातील चित्रे पाहिली, ती प्रथम गिलच्या हातून.

या काळात अजिंठा गावातील पारो या स्त्रीशी त्याचा स्नेह जडला. २३ मे १८५६ रोजी ती पटकीने गेली. गावातील तिच्या समाधीवर गिलने ही तारीख कोरून ठेवली आहे. कविवर्य ना. धों. महानोर यांनी 'अजिंठा' या दीर्घकाव्यात ही कथा मराठी वाचकांपर्यंत नेली आणि त्यावर २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट आला. या प्रेमकथेने गिलला मराठीत अमर केले खरे. परंतु त्याच्या कामाची शोकांतिका त्या मानाने कमी सांगितली गेली.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल छायाचित्रणाकडे वळला. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली जोडचित्रे विशिष्ट उपकरणातून पाहिली असता खोली जाणवते. त्या तंत्राचा त्याने लेण्यांसाठी उपयोग केला. १८६४ मध्ये त्याची छायाचित्रे आणि फर्ग्युसन यांचा मजकूर असलेली दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी लेण्यांवरील पुस्तकात त्याची ७४ छायाचित्रे होती.

डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे मांडलेल्या गिलच्या जवळजवळ सर्व नकला जळाल्या, मोजक्याच वाचल्या. सुमारे वीस वर्षांचे श्रम एका रात्रीत गेले. गिलने मायदेशी परतण्याचा मार्ग धरला नाही. तो याच मुलखात राहिला, पुन्हा कामाला लागला आणि एप्रिल १८७९ मध्ये भुसावळ येथे त्याचे निधन झाले. त्याची कबर भुसावळलाच आहे. त्याच्या रंगीत नकला गेल्या. रंग टिपू न शकणारी छायाचित्रे राहिली. ज्याच्यासाठी त्याला पाठविले ते गेले आणि त्याने स्वतःच्या आवडीने केलेले ते उरले.

मुंबईच्या विद्यार्थ्यांची कामगिरी

नकला जळाल्यावर काम पुन्हा सुरू करणे भाग होते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स (१८३७-१९१८) यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन हे काम केले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार या चमूत होते. पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्या तरुणांना आपल्या देशातील रेषेची ताकद येथे प्रथम जवळून कळली. दुर्दैव असे, की १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत यांतील अनेक चित्रेही भस्मसात झाली. वाचलेल्या नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या लेण्यातील जहाजाचे चित्र अभ्यासकांच्या हाती पडले ते प्रामुख्याने या ग्रंथातून.

त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत नंदलाल बोस, असितकुमार हळदार यांनी अजिंठ्यात काम केले. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांचे संरक्षण केले. निसटू पाहणारा गिलावा त्यांनी जागेवर बसविला. पण याच काळातील लाखेच्या रोगणाचा थर पुढे पिवळा पडून रंगांवर आवरण आले. तो काढण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला करावे लागले. गुलाम याझदानी यांचे छायाचित्रांसह चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी अतिशय मंद प्रकाशात रंगीत छायाचित्रे घेऊन भिंतींना इजा न करता मूळ रंगांची कल्पना दिली. नाशिकचे प्रसाद पवार यांनी छायाचित्रे आणि संगणक यांच्या साह्याने निखळलेल्या भागांची पुनर्रचना करण्याचे काम हाती घेतले.

नकलांची ही परंपरा केवळ हौसेची नाही. भिंतीवरील गिलावा सुटतो, दमटपणा वाढतो, माणसांच्या श्वासानेही हवा बदलते. १८४० च्या दशकात जे दिसत होते त्यातील काही भाग आज भिंतीवर नाही. जी नकल जळाली, तिच्याबरोबर भिंतीवरून नंतर गळून गेलेला भागही कायमचा गेला. गिलच्या नशिबी आलेले दुःख हे म्हणूनच एका माणसाचे दुःख राहत नाही.

भिंतीवरून पाण्यावर

चित्रातील जहाज प्रत्यक्ष चालेल का, हा प्रश्न अभ्यासक अनेक वर्षे विचारीत होते. उत्तर शोधण्यासाठी जुलै २०२३ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची 'होडी इनोव्हेशन्स' ही संस्था यांच्यात करार झाला. आधार होता अजिंठ्यातील पाचव्या शतकातील जहाजाचे चित्र. त्याचा आराखडा नाही, मोजमापे नाहीत, अवशेष नाहीत. चित्रकाराने एका बाजूने दाखविलेल्या आकृतीवरून संपूर्ण जहाजाची बांधणी ठरवायची होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये कामाला प्रारंभ झाला. केरळचे निष्णात कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या आणि सांधे नैसर्गिक राळेने बुजविण्यात आले. शिवलेल्या जहाजांची ही विद्या पश्चिम किनाऱ्यावर एके काळी सर्वत्र होती. खिळे ठोकलेले जहाज ताठ असते; शिवलेले जहाज लाटेबरोबर थोडे लवते. चौकोनी शिडे आणि आजच्या सुकाणूऐवजी वल्ह्यासारखे सुकाणू या दोन गोष्टी चित्रावरून घेतल्या गेल्या. अशी नौका आज कोणत्याही नौदलाच्या रोजच्या वापरात नसल्याने आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात तिच्या प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ती गोव्यात पाण्यात उतरली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली आणि आग्नेय आशियात गेलेल्या पुराणप्रसिद्ध भारतीय दर्यावर्दीच्या नावावरून तिला 'कौंडिण्य' हे नाव मिळाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ती मस्कतला पोहोचली. इंजिन नाही, शिडे आणि वारा एवढेच बळ. अरबी समुद्रात उत्तरेकडील वारे हिवाळ्यात अनुकूल असतात, हे गणित जुन्या व्यापाऱ्यांना पाठ होते. तेच येथे उपयोगी पडले.

या प्रवासाने चित्रातील प्रत्येक रेषा खरी ठरली, असा दावा कोणी जाणकार करणार नाही. चित्रकार कथा सांगत होता, आराखडा काढीत नव्हता. पण त्याने काढलेल्या उंच नाळेला, ताणलेल्या शिडांना आणि पिछाडीच्या वल्ह्याला समुद्राने नाकारले नाही, एवढे सिद्ध झाले.

वाशीमकरांसाठी

या साऱ्यात वाशीमचे नाव क्वचितच घेतले जाते. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, नौका गोव्यात बांधली गेली, कथा नालासोपाऱ्याची आहे. वत्सगुल्माचे स्वतःचे असे जे उरले, ते ताम्रपटात, हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात आणि शहराखाली गाडलेल्या थरांत. राजधानीच्या वाड्यांचे अवशेष दिसत नसल्याने या शहराचा प्राचीन काळ शालेय पुस्तकातील एका ओळीपलीकडे जात नाही. वस्तुतः सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात या शहराच्या राजांची मालिका क्रमाने कोरलेली आहे.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहून घाईने पुढे सरकू नये. लेणी सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा. दुसऱ्या लेण्यात डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि जहाज शोधावे. सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख पाहावा, तो व्हरांड्याच्या बाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर आहे. मग सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवरील हत्तींच्या नौका पाहाव्यात. चमकदिव्याने छायाचित्र घेण्यास मनाई आहे आणि ती कसोशीने पाळावी. परतताना अजिंठा गावातील बारादरी आणि पारोची समाधी वाटेत आहे. भुसावळमार्गे जाणाऱ्यांना गिलची कबरही पाहता येईल. हरिषेणाच्या पित्याच्या काळातील सुदर्शन तलावाची साक्ष देणारे हिस्से-बोराळा तर वाशीमकरांच्या अगदी घराजवळ आहे.